आमच्या नावाचा केसपेपर

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक यांस

महोदय,

आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षाच्या दारावर, गेल्या महिन्यात एक छापील कागद चिकटवण्यात आला. "मनुष्यबळ व जागेअभावी रुग्णांच्या नातेवाईकांची गटबैठक पुढील आदेशापर्यंत बंद राहील. मानसिक आधारासाठी १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधावा." दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार या वेळेत, चार वर्षे भरत असलेली आमची बैठक या दोन वाक्यांनी संपली. बैठक चालवणाऱ्या समाजकार्यकर्त्या ताई कंत्राटी होत्या आणि त्यांच्या कंत्राटाचे नूतनीकरण झाले नाही, एवढे आम्हाला शिपायाकडून कळले. त्या बैठकीला येणारे आम्ही चौदा जण. आमच्यापैकी कोणीही रुग्ण नसल्यामुळे आमचे नाव रुग्णालयाच्या कोणत्याही नोंदवहीत नव्हते, आणि ज्यांची नोंदच नाही त्यांना विचारायचे तरी कसे, या अडचणीमुळेच बहुधा बैठक बंद करताना आम्हाला कोणी विचारले नसावे. त्या नोंदीसाठीच हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे.

माझे वय ६१ आहे. एका सहकारी बँकेत २९ वर्षे काम करून मी मुदतीआधी नोकरी सोडली, कारण २०१८ च्या दिवाळीनंतर माझ्या पतींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्यांना समोरच्याचे बोलणे बरेचसे कळते, पण उत्तर द्यायला शब्द सापडत नाहीत. 'हो', 'नको' आणि, का कोण जाणे, 'परवा' एवढे तीनच शब्द त्यांच्याकडे उरले आहेत. पाणी हवे असले तरी 'परवा' आणि पाय दुखत असला तरी 'परवा'. आम्ही दोघे चहा घेताना तासतासभर बोलत बसणारे लोक होतो. झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू गेली हे सगळ्यांना दिसले. माझा बोलण्याचा माणूस गेला हे दिसण्यासारखे नव्हते. तेव्हापासून सात वर्षे त्यांना उठवणे, पुसणे, भरवणे, कपडे बदलणे, रात्री दर दोन-अडीच तासांनी कूस बदलून देणे हे सर्व मी करते. मुलगा परगावी नोकरीला आहे, तो जमेल तेवढे पैसे पाठवतो आणि गणपतीत येतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. ब्युरोतून बारा तासांची बाई ठेवायची म्हटले तर महिन्याला जी रक्कम मोजावी लागते, ती माझ्या पेन्शनच्या कितीतरी पट आहे.

मी त्या गटात पोहोचले तीही योगायोगाने. पती सतत रडू लागले, खाणे टाकले, म्हणून त्यांना मानसोपचार विभागात नेले होते. डॉक्टरांनी औषध लिहून दिल्यावर शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी त्यांची माहिती विचारली आणि मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आणि तुमचं काय?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटले, माझे काही नाही, मी सोबत आले आहे. त्यांनी शेजारच्या खोलीत नेऊन माझा रक्तदाब मोजायला लावला. तो १७० वर १०० निघाला. त्याआधीची चार वर्षे मी स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढले नव्हते, आणि पतींच्या गोळ्यांचे डबे मात्र सकाळ, दुपार, रात्र असे रंगांप्रमाणे लावून ठेवत होते.

त्या गटात एक निवृत्त एसटी चालक होते, ज्यांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश झाला आहे आणि जी त्यांना रोज संध्याकाळी 'तुम्ही कोण, घरी जा' असे सांगते. स्किझोफ्रेनिया असलेल्या सव्वीस वर्षांच्या मुलाचे वडील होते. दोन एसट्या बदलून येणारी एक सून होती, आणि आईच्या कर्करोगामुळे कॉलेज सोडलेली एकोणीस वर्षांची मुलगी होती. अकरा बायका, तीन पुरुष. पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. ताईंनी ते शब्द आम्हाला दिले, आणि आम्हीही ते वापरू लागलो. सुरुवातीला तो शब्द मला फार सजवलेला वाटला. नंतर लक्षात आले की मराठीत या कामाला दुसरे नावच नाही. बायको, सून, मुलगी, आई अशी नाती आहेत, पण नात्याच्या पोटात जे काम चालते त्याला नाव नाही.

या बैठकीत नेमके काय होत असे, हे मंत्रालयात बसलेल्या माणसाला कळावे म्हणून एक प्रसंग लिहिते. तो लिहिताना मला आजही संकोच वाटतो. एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना पतींनी डाव्या हाताने माझा पदर धरला आणि मी तो हात जोरात झटकला. हात पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटला. ते ओरडले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मनगटावर निळा डाग होता आणि फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलाला मी खोटे सांगितले. पुढच्या गुरुवारी हे मी गटात सांगितले, तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही, मग ते एसटी चालक गृहस्थ खाली बघत म्हणाले, "ताई, माझ्याही हातून झालंय." ताईंनी आम्हाला दोष दिला नाही आणि 'होतं असं' म्हणून सोडूनही दिले नाही. राग चढू लागला की खोलीबाहेर कसे पडायचे, रात्रीची झोप तुटते तिची भरपाई दिवसा कशी करायची, कोणाला फोन करायचा, हे त्यांनी त्या दिवशी आणि पुढच्या दोन बैठकांत आमच्याकडून अक्षरशः गिरवून घेतले. त्यानंतर माझा हात तसा उठलेला नाही. ही बैठक बंद करताना खर्चाच्या रकान्यात काय वाचले ते प्रशासनाला ठाऊक असेल. आमच्यावर अवलंबून असलेल्या माणसांचे कोणते संरक्षण काढून घेतले गेले, याचा हिशेब त्या रकान्यात नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अशी की, आरोग्ययंत्रणेला आम्ही दिसत नाही. पतींना ज्या रुग्णालयातून घरी सोडले तेथल्या डिस्चार्ज कार्डावर नऊ औषधे, तपासण्यांच्या तारखा आणि शेवटी 'घरी योग्य ती काळजी घेणे' अशी ओळ होती. ती काळजी कोण घेणार, त्या व्यक्तीला वजन उचलता येते का, तिला स्वतःला काही आजार आहे का, ती घरात एकटीच आहे का, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. त्यानंतर सात वर्षांत वेगवेगळ्या ओपीडींमध्ये मी किती वेळा रांगेत उभी राहिले याची गणती नाही, आणि प्रत्येक केसपेपरवर माझी ओळख 'सोबत : पत्नी' एवढीच आहे. शुश्रूषा करणाऱ्यावरचा ताण मोजण्यासाठी बावीस प्रश्नांची, झॅरिट यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती भरून घ्यायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. आमच्या ताईंनी ती भरून घेतली, तोवर अशी काही गोष्ट मोजता येते हेच आम्हाला माहीत नव्हते.

दुसरी तक्रार कायद्यासंबंधी आहे, आणि ती मी थोडी विस्ताराने मांडते, कारण आम्ही सवलत मागत आहोत असा समज होऊ नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णासोबत राहून त्याची काळजी घेणाऱ्या व्यक्तीची व्याख्या त्यात दिलेली आहे, आणि मोबदला घेणारी व न घेणारी अशा दोन्ही व्यक्ती तीत बसतात. याच कायद्याच्या कलम १८ मध्ये शासनाने पुरवायच्या सेवांची यादी आहे. रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या मानसिक आरोग्य सेवा तीत स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचे आणि स्थळकाळाच्या भानाचे गंभीर बिघाडही येतात, त्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची कुटुंबेही या तरतुदीबाहेर राहत नाहीत. भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतल्या बहुतेकांची काळजी घरातलेच कोणीतरी घेत आहे. म्हणजे आमची गटबैठक हा कोणाचा उपकार नव्हता, तर कायद्यातल्या एका वाक्याची ती अंमलबजावणी होती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे, आणि अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी शुश्रूषा भत्त्याचा उल्लेख कलम २४ मध्ये आहे, अर्थात शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. हा विषय आपल्या विभागाचा नसून दिव्यांग कल्याण विभागाचा आहे याची मला कल्पना आहे. परंतु आमच्या घरात सकाळी सहाला जो रुग्ण उठतो तो एकाच वेळी दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक, अर्धांगवायूचा आणि नैराश्याचा रुग्ण असतो, आणि त्याला उठवणारी मी एकच असते. चार विभागांच्या चार खिडक्यांवर तिनेच फिरावे ही अपेक्षा जरा जास्त आहे.

आणि तिसरा एक कायदा आहे, २००७ चा, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. ज्येष्ठ व्यक्तीला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. हा कायदा हवाच. पण जो सोडून गेला त्याच्यासाठी शासनाकडे कलम आहे आणि जो सोडून गेला नाही त्याच्यासाठी दीड तासाची खोलीही नाही, हे मला पटत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र नागरिकांना साहित्यासाठी तीन हजार रुपये मिळतात. आमच्या गटातल्या एका सासूबाईंसाठी त्यातून कमोड खुर्ची आली आणि ती खरोखर उपयोगी पडते. त्या खुर्चीवर दिवसातून पाच वेळा त्यांना उचलून बसवणाऱ्या सुनेच्या कमरेचा विचार कोणत्या योजनेत आहे, ते कृपया सांगावे.

तिसरी तक्रार त्या १४४१६ क्रमांकाविषयी. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती चोवीस तास व मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. मी एकदा रात्री दीड वाजता फोन केला होता. पलीकडच्या मुलीने शांतपणे, न घाई करता ऐकून घेतले. तिच्याविषयी मला आदरच आहे. पण आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी फोनवर जे बोलते ते पलीकडच्या खोलीत पतींना ऐकू जाते, आणि त्यांना सर्व कळते. 'मला आता सहन होत नाही' हे वाक्य ज्याच्यामुळे म्हणायचे त्याच्याच कानावर पडू नये म्हणून मी गच्चीवर गेले आणि अर्धे लक्ष खालच्या घंटीकडे ठेवून बोलले. दोन तास घराबाहेर पडणे, चार ओळखीच्या चेहऱ्यांसमोर बसणे, आपण मागच्या वेळी काय बोललो ते लक्षात ठेवणारे माणूस समोर असणे, हे त्या बैठकीचे काम होते. फोन संकटाच्या रात्रीसाठी आहे. आमचे संकट एका रात्रीचे नाही.

चौथी तक्रार शासनापेक्षा समाजाविषयी आहे, म्हणून थोडक्यात. या कामाला सेवा म्हटले की त्याचा हिशेब ठेवावा लागत नाही. वटपौर्णिमेला शेजारणी मला नमस्कार करतात आणि 'तुम्ही तर सावित्रीच' म्हणतात. सावित्रीचे व्रत तीन रात्रींचे होते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्याच्या विनामोबदला कामात असतात आणि त्या दिवसाला सरासरी १४० मिनिटे त्यात घालवतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि ७४ मिनिटे आहे. यात मुलांचे संगोपनही धरलेले आहे. मी ६१ वर्षांची असल्यामुळे त्या आकड्यातही बसत नाही.

एक गोष्ट कोणत्याच मुद्द्यात नीट बसत नाही, पण सोडवत नाही. आमच्या गटातल्या एका गृहस्थांची आई अकरा वर्षे अंथरुणावर राहून वारली. तेरावा आटोपल्यावर आलेल्या गुरुवारी ते नेहमीच्या वेळी येऊन बसले. म्हणाले, रात्री दोनला आपोआप जाग येते आणि काय करायचे ते कळत नाही. नियमाने पाहिले तर ते आता कोणत्याही रुग्णाचे नातेवाईक नव्हते. ताईंनी त्यांना पुढे सात महिने येऊ दिले. ते कोणाच्या परवानगीने, हे मी विचारले नाही आणि आपणही विचारू नये.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

आमची बैठक त्याच रुग्णालयात ताबडतोब सुरू करावी आणि ती चालवण्याचे काम एखाद्या कंत्राटाच्या तारखेवर अवलंबून न ठेवता मंजूर पदाच्या कर्तव्यसूचीत लिहावे. खोली दुपारी रिकामीच असते, खुर्च्या आहेत, आणि चहा आम्ही पहिल्यापासून आमच्याच थर्मासमधून आणतो. अशीच बैठक राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि टप्प्याटप्प्याने उपजिल्हा रुग्णालयांत महिन्यातून दोनदा व्हावी, आणि ती केवळ मानसिक आजारापुरती न ठेवता अर्धांगवायू, कर्करोग, पार्किन्सन्स अशा दीर्घ आजारांच्या कुटुंबांनाही खुली असावी.

दीर्घकाळ अंथरुणावर राहणार असलेला रुग्ण घरी सोडताना त्याची काळजी कोण घेणार त्या व्यक्तीच्या नावाने स्वतंत्र केसपेपर काढावा. त्यावर तिची झोप, रक्तदाब, वजन, पाठदुखी आणि मनःस्थिती यांची नोंद पहिल्या महिन्यात आणि नंतर दर सहा महिन्यांनी व्हावी, आणि गरज दिसल्यास समुपदेशकाची भेट त्याच दिवशी, रुग्णाच्या तपासणीच्या वेळीच ठरवून द्यावी. वेगळ्या दिवशी बोलावले तर आम्ही येऊ शकत नाही, कारण तेव्हा घरी कोण बसणार?

गावपातळीवर हे काम आशा ताईंवर सोपवण्याचा विचार झाल्यास त्याचा मोबदला वेगळा व ठरलेला असावा. एका विनामोबदला काम करणाऱ्या बाईची चौकशी दुसऱ्या बाईने विनामोबदला करावी, असे होऊ नये.

प्रत्येक जिल्ह्यात निदान काही खाटा अशा राखून ठेवाव्यात की जेथे घरच्या माणसाला वर्षातून सात दिवस रुग्णाला ठेवता येईल. मला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे. दोन वर्षे ती केवळ या एका कारणासाठी थांबली आहे.

शुश्रूषा भत्त्याबाबत दिव्यांग कल्याण विभागाशी मिळून निर्णय घ्यावा आणि नकारच असेल तर तो लेखी द्यावा. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' या योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यास दरमहा ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. त्या पैशात आठवड्याचे डायपरही येत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण तेवढ्यासाठी तरी तिथल्या सरकारला काळजी घेणाऱ्यांची यादी करावी लागते. आपल्याकडे अशी यादी आहे का, हा प्रश्न मी माहितीच्या अधिकारात विचारणार आहे.

रुग्णाच्या मृत्यूनंतर निदान सहा महिने त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला बैठकीस येण्याचा हक्क असावा. यासाठी एक पैसाही लागणार नाही.

या पत्रावर गटातल्या चौदांपैकी बारा जणांच्या सह्या आहेत. एकीची सही सासरच्या धाकामुळे नाही, आणि एका गृहस्थांपर्यंत आम्ही पोहोचू शकलो नाही. बैठक बंद झाल्यापासून त्यांचा फोन लागत नाही.

येत्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी तीन वाजता, ज्यांना घरी बदली माणूस मिळेल ते आम्ही सर्व जण त्या बंद खोलीबाहेरच्या बाकावर बसणार आहोत. घोषणा देणार नाही, कोणाच्या कामात अडथळा आणणार नाही. साडेचार वाजता उठून घरी जाऊ, कारण पाचला मला पतींना भरवायचे असते. रुग्णालयाच्या वतीने कोणी येऊन बसणार असेल तर आमच्याकडे थर्मासमध्ये चहा असेल.

आपली,
एक शुभंकर
(गटातील बारा सदस्यांच्या वतीने)